नगराचा पोलीसप्रमुख : निवड कोणाची, उत्तर कोणाला?

(उमरोळी येथे पक्षकार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात एका निवृत्त अर्थशास्त्र-प्राध्यापकांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)

आजचा विषय जाहीर झाल्यावर काही तरुण कार्यकर्त्यांनी मला विचारले की, पोलीस आयुक्त कोण असावा हा प्रश्न आपला कसा? महागाई, कंत्राटी कामगार, जमिनीचे संपादन हे आपले प्रश्न. पोलीस अधिकाऱ्यांच्या नेमणुका हा मंत्रालयाचा कारभार. ही शंका प्रामाणिक आहे. पण कामगाराचा मोर्चा निघू द्यावा की न द्यावा, मच्छीमारांच्या सभेवर मनाईहुकूम लावावा की न लावावा, कारखान्यातल्या स्फोटाची नोंद अपघात म्हणून करावी की गुन्हा म्हणून, भाडेकरूला गुंडांकरवी घराबाहेर काढले तर तक्रार लिहून घ्यावी की त्याला हाकलून द्यावे, हे सारे निर्णय एका खुर्चीवरून, किंवा त्या खुर्चीचा कल ओळखून, घेतले जातात. ती खुर्ची कोण भरतो हा प्रश्न म्हणूनच राजकीय आहे, आणि तो आपला आहे.

हा प्रश्न उमरोळीत मांडण्यालाही कारण आहे. आपले स्थानक पालघर आणि बोईसर ह्यांच्या मधले. शेजारी कोळगावला जिल्ह्याचे मुख्यालय, पुढे तारापूरची औद्योगिक वसाहत, आणि समुद्राच्या बाजूला 1969 पासून चालू असलेले अणुविद्युत केंद्र. एप्रिल 2013 मध्ये उपनगरी गाड्या डहाणूपर्यंत धावू लागल्या आणि मुंबईत घर न परवडणारा माणूस विरारच्याही पुढे सरकला. ऑगस्ट 2014 मध्ये जिल्हा वेगळा झाला. बुलेट ट्रेनचे एक स्थानक बोईसरला व्हायचे आहे. ऑगस्ट 2024 मध्ये वाढवण बंदराची पायाभरणी झाली. किनाऱ्यावरच्या मच्छीमारांचा विरोध त्याआधीपासूनचा आहे आणि तो संपलेला नाही. जेथे जमिनीचे भाव चढतात, परप्रांतातून मजूर येतात आणि जुने रहिवासी उपजीविका गमावतात, तेथे शासनाला पोलीस व्यवस्था वाढवावीशी वाटते. आपल्या दक्षिणेला हे घडून गेले आहे. तिकडे काय झाले हे समजून घेतले तर आपल्याकडे काय मागावे हे कळेल.

आयुक्तालय म्हणजे काय?

1 ऑक्टोबर 2020 रोजी मीरा-भाईंदर, वसई-विरार पोलीस आयुक्तालय सुरू झाले. तोवर मीरा-भाईंदर ठाणे ग्रामीण पोलिसांकडे होते आणि वसई तालुका पालघरच्या पोलीस अधीक्षकांकडे. 2011च्या जनगणनेत मीरा-भाईंदरची लोकसंख्या 8 लाखांवर आणि वसई-विरारची 12 लाखांवर होती. वीस लाखांच्या नागरी वस्तीचा बंदोबस्त ग्रामीण घडीच्या यंत्रणेने करायचा, ही स्थिती टिकणारी नव्हती. नालासोपाऱ्यातल्या बाईला वरिष्ठांकडे दाद मागायची तर पालघर गाठावे लागे. तेव्हा आयुक्तालयाची मागणी अवास्तव नव्हती, हे आधी मान्य केले पाहिजे.

परंतु आयुक्तालय म्हणजे केवळ अधिक ठाणी, अधिक गाड्या आणि वरच्या दर्जाचा अधिकारी नव्हे. तेथे सत्तेची घडीच बदलते. जिल्ह्यात पोलीस अधीक्षक आणि जिल्हा दंडाधिकारी अशी दोन पदे असतात. मनाईहुकूम काढायचा तो जिल्हाधिकाऱ्याने, अंमलात आणायचा तो पोलिसांनी. शांतताभंगाच्या भीतीने कोणाकडून हमीपत्र घ्यायचे, म्हणजे आपण ज्याला चॅप्टर केस म्हणतो ती, चालते प्रांत-तहसीलदारांपुढे. तडीपारीचा प्रस्ताव पोलिसांचा, हुकूम दंडाधिकाऱ्याचा. महसुली अधिकारी फार लोकाभिमुख असतो असे मी म्हणत नाही. पण मागणारा एक आणि देणारा दुसरा, एवढे अंतर तरी राहते. त्या अंतरात कार्यकर्त्याला आपले म्हणणे मांडायला जागा मिळते.

आयुक्तालयात हे अंतर नाहीसे होते. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या 37व्या कलमाखालचा मनाईहुकूम आयुक्त काढतो. पूर्वीच्या फौजदारी संहितेतल्या 144व्या कलमाचे, आणि 1 जुलै 2024 पासून नव्या नागरिक सुरक्षा संहितेतल्या 163व्या कलमाचे, अधिकार पोलिसांच्या हाती येतात. चॅप्टर केसमध्ये सहायक पोलीस आयुक्तच विशेष कार्यकारी दंडाधिकारी म्हणून बसतो. आरोप करणारे खाते आणि हमी मागणारे आसन एकाच इमारतीत येतात. ज्याच्या हाती एवढे अधिकार एकवटतात, त्याची निवड आणि जबाबदारी ह्यांचे नियम तेवढेच कडक हवेत. आपल्याकडे उलट आहे. अधिकार वाढले, नियम होते तेथेच राहिले.

निवड कशी होते?

प्राध्यापक नेमायचा झाला तर जाहिरात निघते, पात्रता छापली जाते, मुलाखत होते. लाखो लोकांच्या स्वातंत्र्यावर अंकुश ठेवणाऱ्या आयुक्ताच्या बाबतीत ह्यातले काहीच होत नाही. एक यादी निघते. सकाळी वर्तमानपत्रात नाव वाचायचे. ह्या शहराला कोणत्या गुणांचा अधिकारी हवा, येथले प्रश्न काय आहेत, आधीच्याने काय केले, काय राहिले, ह्याचा एकही कागद नागरिकांपुढे येत नाही.

कायदा अगदीच नाही असे नाही. प्रकाश सिंह खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 22 सप्टेंबर 2006 रोजी निर्देश दिले. राज्याच्या पोलीस महासंचालकाची निवड लोकसेवा आयोगाने सुचवलेल्या तिघांतून व्हावी, त्याला आणि जिल्ह्याच्या पोलीसप्रमुखालाही किमान दोन वर्षांचा कार्यकाल मिळावा, बदल्यांसाठी आस्थापना मंडळ असावे, तक्रारींसाठी स्वतंत्र प्राधिकरण असावे, हा त्यांचा गाभा. महाराष्ट्राने 2014 मध्ये आपला पोलीस अधिनियम दुरुस्त केला. वरिष्ठ अधिकाऱ्यांसाठी एका जागी दोन वर्षांचा सर्वसाधारण कार्यकाल त्यात आला. मात्र अपवादात्मक परिस्थितीत, लोकहितासाठी व प्रशासकीय निकडीमुळे मुदतीआधी बदली करण्याचा अधिकारही ठेवला गेला, आणि भारतीय पोलीस सेवेतील अधिकाऱ्यांच्या बाबतीत तो मुख्यमंत्र्यांकडे राहिला. आस्थापना मंडळ पोलीस दलातल्याच वरिष्ठांचे असावे असा न्यायालयाचा निर्देश होता. आपल्या कायद्याने वरिष्ठ पातळीच्या मंडळाच्या अध्यक्षस्थानी गृहखात्याचा सचिव बसवला. दार बंद केले आणि किल्ली दारालाच ठेवली, असा हा प्रकार आहे.

ह्याचा परिणाम पाहायचा तर पुण्याशेजारच्या पिंपरी-चिंचवडकडे पाहावे. तेही वाढते औद्योगिक नगर. तेथे 15 ऑगस्ट 2018 रोजी आयुक्तालय सुरू झाले. त्या दिवसापासून डिसेंबर 2022 पर्यंत, म्हणजे साडेचार वर्षेही पुरी होण्याआधी, पाचव्या आयुक्ताची नेमणूक झाली. पहिल्या चौघांपैकी एकालाही त्या खुर्चीत दोन वर्षे मिळाली नाहीत. प्रत्येक बदलीमागे निराळे कारण असेल. परंतु कायद्यातला अपवाद हाच नियम झाल्याचे ह्याहून स्पष्ट उदाहरण सापडणार नाही.

मीरा-भाईंदर, वसई-विरारचा अनुभव ह्या मानाने बरा. पहिले आयुक्त सदानंद दाते डिसेंबर 2022 पर्यंत, म्हणजे दोन वर्षांहून अधिक काळ, राहिले. 26 नोव्हेंबर 2008च्या रात्री कामा रुग्णालयात अतिरेक्यांशी लढताना जखमी झालेला हा अधिकारी. नव्या आयुक्तालयाची घडी बसवायला असा माणूस मिळाला हे त्या शहराचे भाग्य म्हणावे लागेल. पण साथींनो, भाग्य ही व्यवस्था नव्हे. चांगला माणूस मिळाला तर आनंद मानावा आणि वाईट मिळाला तर सोसावे, ही प्रजेची वृत्ती झाली, नागरिकाची नव्हे.

दुसरे आयुक्त मधुकर पांडे ह्यांनीही दोन वर्षे ओलांडली. त्यांची बदली मात्र नीट पाहण्यासारखी आहे. जुलै 2025 मध्ये मीरारोडला भाषेवरून तंटा पेटला. मराठी न बोलल्याबद्दल एका दुकानदाराला मारहाण झाली. तिच्या निषेधार्थ व्यापाऱ्यांचा मोर्चा निघाला. त्यावर मराठीच्या बाजूने 8 जुलैला मोर्चा ठरला. पोलिसांनी ठरलेल्या मार्गाला परवानगी दिली नाही, पहाटे धरपकड केली. तरी हजारो माणसे रस्त्यावर आली. दुसऱ्याच दिवशी आयुक्तांची बदली झाली आणि निकेत कौशिक ह्यांचे नाव जाहीर झाले.

महाराष्ट्रात मराठीचा मान राखलाच पाहिजे, आणि तो दुकानदाराला थप्पड मारून राखला जात नाही, ही आपली भूमिका स्पष्ट आहे. पण आजचा मुद्दा निराळा. एका मोर्चाला वाट मिळाली आणि दुसऱ्याला नाही, असा लोकांचा आक्षेप होता. तो खरा की खोटा? परवानगी नाकारण्याचा निर्णय आयुक्तांचा, की वरून आलेला? पहाटेच्या अटकांना कायद्याचा आधार कोणता? ह्यातल्या एकाही प्रश्नाचे उत्तर बदलीने मिळाले नाही. अधिकारी चुकला असेल तर बदली ही शिक्षा नव्हे. चुकला नसेल तर ती अन्याय आहे. दोन्ही बाजूंनी ती उत्तर टाळण्याची युक्ती ठरते. लोकांचा राग एका माणसावर उतरवायचा, माणूस हलवायचा, आणि हुकूम देणारी साखळी अंधारात ठेवायची.

आपल्या जिल्ह्याने हे आधी पाहिले आहे. 16 एप्रिल 2020 रोजी गडचिंचले येथे अफवेने पिसाळलेल्या जमावाने दोन साधू आणि त्यांच्या चालकाला पोलिसांच्या देखत ठार केले. अत्यंत लाजिरवाणी घटना. काही आठवड्यांत जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकांना सक्तीच्या रजेवर पाठवले. परंतु मूल चोरणारी टोळी फिरते आहे ही अफवा पसरत असताना गावागावांत पोलिसांचा विश्वासाचा माणूस का नव्हता, दुर्गम भागात मनुष्यबळ किती होते, हे प्रश्न अधीक्षक बदलून सुटणारे नव्हते.

खुर्चीचे अर्थशास्त्र

मी अर्थशास्त्राचा विद्यार्थी, म्हणून ह्या प्रश्नाची एक बाजू त्या अंगाने मांडतो. शेतात दोन वर्षे राहण्याची खात्री असलेले कूळ बांध घालते, खत टाकते. उद्या हाकलले जाईल अशी भीती असलेले कूळ जमीन ओरबाडते. कूळकायद्यामागचा हा साधा विचार पदालाही लागू पडतो. कार्यकालाची शाश्वती नसलेला अधिकारी दीर्घ मुदतीचे काम हाती घेत नाही. तपास सुधारणे, शिपायांना शिकवणे, वस्तीत विश्वास कमावणे ह्यांचे फळ उशिरा येते. ते पुढच्याच्या पदरात पडणार. त्याच्या हाती उरते ते एकच काम : ज्याच्या हाती बदली आहे त्याला खूश ठेवणे. जेथे बदली अनिश्चित आणि कारण न देता होऊ शकते, तेथे बदलीलाच किंमत येते. मार्च 2021 मध्ये पदावरून दूर झालेल्या मुंबईच्या पोलीस आयुक्तांनी मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून गृहमंत्र्यांवर खंडणीवसुली करायला लावल्याचा आरोप केला. पुढच्याच महिन्यात गृहमंत्र्यांनी राजीनामा दिला. आरोपांचा निवाडा न्यायालये करतील. पण असा आरोप ऐकून महाराष्ट्रात कोणालाही आश्चर्य वाटले नाही, ही त्या पत्राहून गंभीर गोष्ट आहे.

वाढत्या उपनगरात तर ही किंमत अधिक चढते. तेथे संपत्तीचा मुख्य स्रोत जमीन आणि बांधकाम. ऑगस्ट 2025 मध्ये विरारला अनधिकृत इमारतीचा भाग कोसळून 17 माणसे मेली. अशी इमारत एका रात्रीत उभी राहत नाही. बनावट कागद, विकलेली घरे, दिलेली नळजोडणी, न घेतलेल्या तक्रारी, अशा अनेक हातांनी ती उभी राहते. पाडण्याचे काम महापालिकेचे, हे खरे. परंतु बनावट कागदपत्रांचा आणि फसवणुकीचा तपास पोलिसांचा. बिल्डर, नगरसेवक आणि अधिकारी ह्यांच्या साखळीला हात घालायचा तर पोलीसप्रमुखाला उद्याच्या यादीची भीती असता कामा नये. तारापूरच्या कारखान्यांतले स्फोटही तसेच. जानेवारी 2020च्या स्फोटात अनेकांचा जीव गेला. अशा वेळी मालकापर्यंत तपास पोचतो की सुपरवायझरपाशी थांबतो, हे तपास अधिकाऱ्याच्या पाठीशी कोण उभे आहे ह्यावर ठरते.

आपली परंपरा

समाजवाद्यांना हा प्रश्न नवा नाही. पालघरचा हुतात्मा स्तंभ आपण सारे रोज पाहतो. 14 ऑगस्ट 1942 रोजी येथे झालेल्या गोळीबारात गोविंद ठाकूर, काशिनाथ पागधरे, रामचंद्र चुरी, रामप्रसाद तिवारी आणि सुकूर मोरे हे पाच जण पडले. ते परक्या राज्याचे पोलीस होते. राज्य आपले झाल्यावर गोळीचे काय करायचे? 1954 साली त्रावणकोर-कोचीनमध्ये पट्टम थाणू पिळ्ळै ह्यांचे प्रजासमाजवादी सरकार असताना पोलिसांनी गोळीबार केला. पक्षाचे सरचिटणीस डॉ. राममनोहर लोहिया ह्यांनी आपल्याच सरकारने राजीनामा द्यावा असे म्हटले. त्यावरून पक्षात वादळ उठले आणि पुढच्या वर्षी पक्ष फुटला. लोहियांची घाई झाली की नाही ह्यावर मतभेद असू शकतात. पण पोलिसांच्या कृतीची जबाबदारी शिपायावर ढकलून सरकार मोकळे होत नाही, हे तत्त्व त्यांनी सत्तेची किंमत देऊन मांडले.

1977 मध्ये, आणीबाणीचा अनुभव ताजा असताना, जनता सरकारने धर्मवीर ह्यांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय पोलीस आयोग नेमला. पोलीसप्रमुखाला कायद्याने ठरलेला कार्यकाल द्या, शासन आणि पोलीस ह्यांच्यामध्ये सुरक्षा आयोग ठेवा, हे ह्या आयोगाने 1979 मध्येच सांगितले होते. त्याचे अहवाल धूळ खात पडले. प्रकाश सिंह ह्यांना 1996 मध्ये न्यायालयात जावे लागले ते ह्याच शिफारशींसाठी.

आणखी एक गोष्ट विसरू नये. पोलीस शिपाई हाही कष्टकऱ्याचाच मुलगा आहे. ऑगस्ट 1982 मध्ये मुंबईच्या शिपायांचा असंतोष उफाळला, तो दडपला गेला, आणि त्यांची संघटना मोडली. बारा-बारा तास उभा राहणारा, घरासाठी वणवण करणारा शिपाई नागरिकाशी सौजन्याने वागेल ही अपेक्षा भाबडी आहे. आयुक्ताची परीक्षा त्याच्या भाषणांवरून नव्हे, आपल्या शिपायाला तो आठ तासांची पाळी देऊ शकतो का ह्यावरून व्हावी.

मग काय करावे?

काही मित्र म्हणतात, पोलीसप्रमुख लोकांनीच निवडावा. इंग्लंड आणि वेल्समध्ये 2012 पासून पोलिसांवर देखरेख करणारा आयुक्त मतदानाने निवडला जाऊ लागला, आणि मुख्य पोलीस अधिकारी तो नेमू लागला. मतदान फारच थोडे होई. शेवटी नोव्हेंबर 2025 मध्ये तेथील सरकारने ही पदे बंद करण्याचे जाहीर केले. आपल्याकडे तर जातीच्या आणि धर्माच्या मतांवर निवडून आलेला पोलीसप्रमुख अल्पसंख्याकांना कसा वागवील ह्याची कल्पनाही नको. मात्र त्या पद्धतीतली एक गोष्ट घेण्यासारखी आहे. मुख्य पोलीस अधिकाऱ्याचे नाव ठरले की स्थानिक प्रतिनिधींच्या समितीपुढे त्याची उघड सुनावणी होते. लोकांसमोर त्याला प्रश्न विचारले जातात. आपल्या राज्यघटनेत पोलीस हा राज्याचा विषय आहे, आणि 74व्या घटनादुरुस्तीने नगरपालिकांना जी कामे सुचवली त्यांत तो नाही. तो नगरसेवकांच्या हाती द्यावा असे मी म्हणणारही नाही. पण विचारण्याचा हक्क आणि हुकूम देण्याचा हक्क ह्यांत फरक आहे. पहिला लोकांना मिळालाच पाहिजे.

तेव्हा माझ्या मते आपण पाच मागण्या घेऊन उभे राहावे. एक, आयुक्त किंवा अधीक्षक नेमताना आस्थापना मंडळाने विचारात घेतलेली नावे आणि निवडीची कारणे नेमणुकीनंतर प्रसिद्ध करावीत. दोन, मुदतीआधीची बदली लेखी कारणांसह व्हावी आणि ती कारणे विधिमंडळापुढे ठेवावीत. तीन, नव्या प्रमुखाने तीन महिन्यांत जाहीर सभेत आपला कार्यक्रम मांडावा व दरवर्षी त्याचा हिशेब द्यावा. त्यात किती मोर्चांना परवानगी नाकारली आणि का, हेही यावे. चार, सर्वोच्च न्यायालयाने तक्रार प्राधिकरण जिल्हा पातळीवर सांगितले होते, आपल्या कायद्याने ते विभागावर नेले. जव्हार-मोखाड्याच्या आदिवासीला ते आपल्या जिल्ह्यातच मिळाले पाहिजे. पाच, उद्या पालघर-बोईसरला आयुक्तालय आणण्याचा विचार कोणी केला, तर मनाईहुकूम, तडीपारी आणि चॅप्टर केस ह्यांचे अधिकार दंडाधिकाऱ्याकडेच राहावेत. ठाणी वाढवा, स्त्री अधिकारी वाढवा, वैज्ञानिक तपासाची साधने द्या. पण दोन सह्यांच्या जागी एक सही करू नका.

ह्या मागण्या क्रांतिकारक नाहीत, हे मला ठाऊक आहे. पण त्यांच्यासाठी कायद्याचा आधार बराचसा तयार आहे आणि काम आपल्यालाच करायचे आहे. तालुक्यातल्या प्रत्येक ठाण्यात गेल्या वर्षभरात किती मनाईहुकूम लागू होते, हे माहितीच्या अधिकाराखाली विचारा. नाकारलेल्या परवानग्यांच्या प्रती गोळा करा. तक्रार न घेतल्याची उदाहरणे तारखेनिशी लिहून ठेवा. कोळगावच्या मुख्यालयात पुढचा अधीक्षक येईल, तेव्हा त्याच्या स्वागताला हार घेऊन जाणारे पुष्कळ असतील. आपल्यापैकी पाच जणांनी ही वही घेऊन जावे, वेळ मागावा, आणि प्रश्न विचारावेत. सहा महिन्यांनी पुन्हा जावे आणि तेच प्रश्न पुन्हा विचारावेत.